साडेअकरा वर्षांच्या वाघ्याला जर्मनीला न्यावं का

भाऊ, तुमचा मेसेज दोनदा वाचला, एकदा दवाखान्यात आणि एकदा रात्री घरी. उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. गाव आर्वी तालुक्यात, लॉकडाऊनपासून घरूनच काम, आता १ एप्रिलला स्टुटगार्टला जॉइन व्हायचंय, वहिनी आधीच तिकडे. घरी साडेअकरा वर्षांचा वाघ्या, गावठी आणि लॅब्राडोर मिक्स, २६ किलो. वहिनी म्हणतात घेऊन ये, आई म्हणते "म्हाताऱ्या जिवाले काहून हिंडवता", बाबा काहीच बोलत नाहीत. तुम्ही विचारलंय की या वयात विमान झेपेल का, आणि कागदपत्रं काय काय लागतात. मी २४ वर्षं हेच काम करतोय, आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात, आता स्वतःचं. गावात मला अजूनही ढोराचा डॉक्टरच म्हणतात आणि ते बरोबरच आहे कारण दिवसातल्या दहा केसमधल्या सात गाई-म्हशी-बैलांच्याच असतात. पण गेल्या काही वर्षांत आपल्याकडची पोरं एवढी बाहेर गेली की कुत्रं न्यायच्या केस पण येऊ लागल्या.

पहिलं तर वय सोडून द्या. चौदा वर्षांचं कुत्रं मी व्यवस्थित पाठवलंय आणि आठ वर्षांचं थांबवलंय. वयापेक्षा हृदय, श्वास, किडनी आणि सांधे बघायचे. आणि त्याच्याही आधी कॅलेंडर, कारण तुमची खरी अडचण तिथंच आहे.

भारत हा युरोपच्या हिशोबात रेबीजचा धोका जास्त असलेला देश आहे. त्यामुळे क्रम असा: आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन टायटर टेस्ट, म्हणजे लशीनं रक्तात रेबीजविरुद्धच्या अँटीबॉडी किती बनल्या ते मोजायचं, ती ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त यायला पाहिजे, आणि रक्त घेतल्या तारखेपासून ३ महिने थांबायचं. मगच युरोपात एन्ट्री. रिपोर्ट लवकर आला म्हणून तीन महिने कमी होत नाहीत, मोजणी रक्ताच्या तारखेपासूनच होते.

आता तुमची तारीख लावून बघा. संक्रांत होऊन तीनच दिवस झालेत. समजा २० जानेवारीला चिप आणि लस केली. मी ३० दिवस काटेकोर मोजत नाही, दोनचार दिवस वरचे घेतो, म्हणजे २३ फेब्रुवारीला रक्त. तिथून तीन महिने म्हणजे २३ मे. आणि २५ मेला आपल्याकडं नवतपा लागतो. नागपूर-वर्ध्याकडं पारा ४५ च्या वर, माणसं दुपारी घराबाहेर निघत नाहीत आणि तुम्ही म्हातारं कुत्रं पिंजऱ्यात घालून मुंबईला निघणार. हे मी होऊ देणार नाही, सरळ सांगतो.

म्हणजे १ एप्रिलला वाघ्या तुमच्यासोबत येऊ शकत नाही, काही केलं तरी नाही. कोणी एजंट म्हणाला की "सर मॅनेज करू" तर त्याचा नंबर डिलीट करा. कागद चुकला तर कुत्रं परत पाठवतात किंवा तुमच्या खर्चानं क्वारंटाइनमध्ये ठेवतात, आणि शेवटचा उपाय म्हणून मारण्यापर्यंतची तरतूद त्या नियमांमध्ये आहे.

तुम्ही लिहिलंय की "त्याची अँटीरेबीज दरवर्षी झालेली आहे, कार्ड आहे." चांगली गोष्ट आहे, पण चिपच्या आधीची लस युरोप धरत नाही. मागच्या ऑगस्टमध्ये दिलेली लस कितीही खरी असली तरी त्यांच्या दृष्टीनं ती कोणत्या कुत्र्याला दिली हे सिद्ध होत नाही. म्हणून चिप घालायची, स्कॅनरनं नंबर वाचायचा, कार्डावर लिहायचा, मग त्याच दिवशी लस. चिप १५ अंकी आयएसओ स्टँडर्डची असते, तांदळाच्या दाण्याएवढी, खांद्यांच्या मधे कातडीखाली जाते. सुई जाड असते, कुत्रं एकदा केकाटतं आणि विसरतं, मालकच जास्त घाबरतात.

लशीबद्दल एक गोष्ट शहरातले डॉक्टर सांगत नाहीत कारण त्यांना ती भोगावी लागत नाही. लस २ ते ८ डिग्रीत राहिली पाहिजे. आपल्याकडं लाइट जाते, फ्रिज बंद पडतो, मेडिकलवाला थर्माकोलच्या डब्यात बर्फ टाकून देतो आणि तो बर्फ मोटरसायकलवर वितळतो. अशी लस टोचली तर कार्डावर स्टिकर लागतं पण रक्तात अँटीबॉडी बनत नाही आणि टायटर फेल. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून वायल कुठून आली हे विचारायला लाजू नका, आणि स्टिकर बॅच नंबरसकट कार्डावर लावून घ्या. मी टायटरसाठी साधारण तीनचार आठवड्यांच्या अंतरानं दुसरा डोस पण देतो, मग रक्त त्याच्यानंतर घेतो. नियम तसं मागत नाही पण नापास व्हायची भीती कमी होते, आणि तुम्हाला तशीही आता घाई राहिलेली नाही.

रक्त म्हणजे पुढच्या पायाच्या शिरेतून पाचेक मिली. ते फिरवून सिरम वेगळं करायचं, थंड ठेवायचं, आणि मान्यताप्राप्त लॅबलाच पाठवायचं. कोणतीही लॅब चालत नाही, युरोपियन कमिशनची यादी आहे. अमेरिकेतली कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीची रेबीज लॅब त्यात आहे, खूप लोकांचे नमुने तिकडं जातात. पाठवायचं काम मोठ्या शहरातले दवाखाने किंवा पेट रिलोकेशनवाले करतात, त्यांना पैसे द्या, स्वतः कुरिअरच्या मागे लागू नका.

इथं माझी एक चूक सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. २०१९ मध्ये एका स्पिट्झचं रक्त घेतलं, फॉर्म मीच भरला, दवाखान्यात त्या दिवशी लंगड्या बैलांची रांग लागलेली, आणि चिप नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटे लिहिले गेले, ४७ चे ७४. रिपोर्ट आला, टायटर मस्त, आणि कागद बिनकामाचा. पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. त्या ताईंनी तिकीट काढलेलं होतं. त्या मला काही बोलल्या नाहीत आणि त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून मी नंबर मोठ्यानं वाचतो आणि मालकाला त्याच्या मोबाइलमध्ये टाइप करायला लावतो, मग दोन्ही जुळवतो. तुमच्याकडून पण करून घेणार.

टायटरचं एक बरं आहे, एकदा पास झालं की पुढं रेबीजची लस मुदतीच्या आत देत राहिलात तोवर ते चालतं. २० जानेवारीची लस एक वर्षाची धरली तर पुढचा बूस्टर १९ जानेवारीच्या आतच, एक दिवस पण उशीर नाही. म्हणून आता सगळं करून ठेवलं तर मे नंतर कधीही नेता येईल.

कधी न्यायचं? माझं मत दसऱ्याच्या आसपास. पावसाळ्याचा दमटपणा उतरलेला असतो, वाघ्याला मुंबईत रात्रीच्या फ्लाइटचा त्रास कमी, आणि जर्मनीत तेव्हा दहा-पंधरा डिग्री असतं, म्हणजे एकदम बर्फात उतरणार नाही. डिसेंबरमध्ये नेलं तर आपल्याकडून प्रवास सोपा पण तिकडं आपलं पातळ केसांचं गावठी कुत्रं उणे तापमानात, वर रस्त्यावर मीठ टाकतात ते पंज्यांना झोंबतं. विमान कंपन्यांचं पण बघा, काही कंपन्या जमिनीवरचं तापमान ठराविक मर्यादेच्या वर गेलं की कुत्रं घेतच नाहीत, अमेरिकन कंपन्यांत ती मर्यादा साधारण २९.५ डिग्री आहे. लोकांना वाटतं की विमानाच्या पोटात कुत्रं गुदमरतं. ज्या भागात प्राणी ठेवतात तिथं हवेचा दाब वरच्यासारखाच असतो आणि तापमान पण राखतात. धोका असतो तो विमानाच्या बाहेर, ट्रॉलीवर, रनवेजवळ उन्हात थांबलेल्या अर्ध्या तासात.

एक नियम नीट वाचा. बिनव्यापारी पाळीव प्राणी म्हणून न्यायचं तर मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवस आगेमागेच कुत्र्याचा प्रवास व्हायला पाहिजे. तुम्ही एप्रिलमध्ये गेलात आणि ऑक्टोबरमध्ये वाघ्याला एकट्याला कार्गोनं मागवला तर तो व्यापारी हालचालीच्या नियमात जातो, सर्टिफिकेट वेगळं, कटकट वेगळी. म्हणून दसऱ्याला सुट्टी काढून या आणि त्याला सोबतच घेऊन जा. वहिनी पण नेऊ शकतात, पण तुमचं लेखी अधिकारपत्र लागेल आणि पाच दिवसांचं गणित तुमच्याच प्रवासाला लागेल.

आता वाघ्याच्या अंगाकडं येऊ. इथं मी वेळ घेणार आहे कारण कागद कोणीही जमवतो.

आजपासून एक काम करा. वाघ्या गाढ झोपला की मोबाइलवर एक मिनिट लावून त्याच्या छातीचे श्वास मोजा. वर-खाली मिळून एक. सात रात्री मोजा, वहीत लिहा. झोपेत मिनिटाला ३० च्या खाली पाहिजे. रोज ३० च्या वर येत असेल तर हृदय किंवा फुप्फुसाची शंका, मग एक्स-रे आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होईपर्यंत विमानाचा विषयच नाही. स्वप्नात पाय हलवत असेल तेव्हाचं धरू नका. या एका वहीनं मला जेवढं कळतं तेवढं मालकाच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यानं कळत नाही, राग मानू नका.

दुसरं, त्याचा आवाज ऐका. म्हाताऱ्या लॅब्राडोरमध्ये एक आजार असतो, स्वरयंत्राच्या पडद्यांचा लकवा. श्वास आत घेताना करवतीसारखा खरखर आवाज येतो, भुंकणं घोगरं होतं, पाणी पिताना ठसका लागतो, थोडं चाललं की धापा. लोक म्हणतात "म्हातारपणानं घसा बसला." कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. पडदे उघडत नसतील तर पिंजऱ्यात घाबरून धापा टाकताना अंग तापतच जातं. कुत्र्याचं नॉर्मल तापमान ३८.३ ते ३९.२, ते ४१ च्या वर गेलं की उष्माघात. मी थांबवलं म्हटलं ते आठ वर्षांचं कुत्रं हेच होतं. बाकी एकदम ठणठणीत, उड्या मारायचं. मालक नाराज झाले, दुसऱ्या डॉक्टरकडं गेले, पुढं त्यांनी नेलं नाही एवढंच कळलं. वाघ्यात अर्धं रक्त लॅबचं आहे म्हणून सांगतोय.

तिसरं गोचीड. आपल्याकडं कुटाराच्या कोठीत आणि गोठ्यात झोपणाऱ्या कुत्र्याला गोचीड ताप होऊन गेलेला असतोच असं धरून चाला. एर्लिकिया नावाचा जंतू वर्षानुवर्षं रक्तात दबून राहतो, कुत्रं वरून बरं दिसतं, प्लेटलेट कमी असतात, आणि प्रवासाच्या ताणात ते उसळतं. वेळेत कळलं तर डॉक्सीसायक्लिनचा साधारण २८ दिवसांचा कोर्स आहे, स्वस्त औषध आहे. सोबत क्रिएटिनिन, लिव्हरचं एएलटी, लघवीची घनता. किडनी अर्धीअधिक गेल्याशिवाय क्रिएटिनिन वाढत नाही म्हणून लघवी तपासायची, सकाळची पहिली, स्वच्छ वाटीत पकडायची. कशी पकडायची ते बाबांना सांगा, सकाळी तेच त्याला वावरात घेऊन जातात ना. छातीचा एक्स-रे आणि इकोसाठी नागपूरला सेमिनरी हिल्सवर व्हेटर्नरी कॉलेज आहे, १९५८ पासूनचं, आता माफसू म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली आहे. तिथं सकाळी लवकर पोचा.

सांधेदुखीची गोळी सुरू असेल तर नाव कळवा. मेलोक्सिकॅम लोक मनानं देतात, माणसाची पेनकिलर पण देतात, म्हाताऱ्या किडनीवर ते भारी पडतं. आयबुप्रोफेन अजिबात नाही.

आणि झोपेची गोळी नाही. नाही म्हणजे नाही. एका गृहस्थांनी मेडिकलमधून आणलेली अर्धी गोळी विमानतळावर जाताना दिली, "शांत राहील" म्हणून. काउंटरवर कुत्र्याची मान लटकत होती, एअरलाइननं घेतलं नाही, तिकीट गेलं. खरं तर वाचलं ते. गुंगीच्या औषधानं रक्तदाब पडतो, अंगाचं तापमान सांभाळणारी यंत्रणा ढिली होते, विमान हललं तर तोल सावरता येत नाही. आयाटा म्हणजे विमान कंपन्यांची जागतिक संघटना, तिचा सल्ला पण गुंगी न देण्याचाच आहे.

शांत राहायचं तर पिंजऱ्याची सवय हाच उपाय, आणि तुमच्याकडं आठ-नऊ महिने आहेत, एवढा वेळ कोणाला मिळत नाही. माप असं घ्या: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, त्यात पुढच्या पायाच्या जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवा, ही पिंजऱ्याची लांबी. खांद्यांची रुंदी दुप्पट करा, ती रुंदी. उभा असताना कानाच्या टोकापर्यंत किंवा डोक्यापर्यंत जे उंच असेल ती उंची, वर अंथरुणाचे तीनचार सेंटीमीटर. समजा वाघ्या ८० सेंटीमीटर लांब, कोपर ३०, खांदे २२, कान ताठ करून ६५, तर पिंजरा आतून ९५ लांब, ४४ रुंद आणि ६८-६९ उंच. ही कमीतकमी मापं आहेत, थोडा मोठा चालतो, लहान चालत नाही. कान पाडलेले असताना माप घेऊ नका, काउंटरवर तो कान ताठ करूनच उभा राहणार.

पिंजरा आणला की ओसरीवर ठेवा, दार काढून. त्यात बाबांचं जुनं बनियान टाका. पहिले आठ दिवस काहीच करू नका, भाकर-दूध तिथं जवळ द्या, मग उंबरठ्यावर, मग आत. महिन्याभरानं दार लावा, दोन मिनिटं फक्त. मग पाच. दार लावून तुम्ही दूर जाऊ नका, तिथंच बसून मोबाइल बघा. नंतर पिंजरा गाडीत चढवा, गावाला एक चक्कर मारा. लोक हसतील, "कुत्र्याची वरात" म्हणतील, म्हणू द्या. पाण्याची वाटी पिंजऱ्याच्या दाराला आतून अडकवायची आणि आदल्या रात्री फ्रीझरमध्ये पाण्यासकट गोठवायची. चढवताना सांडत नाही आणि बर्फ हळूहळू वितळून कुत्र्याला चाटायला मिळतं. शेवटचं हलकं जेवण निघायच्या चारसहा तास आधी.

दोराची सवय हा तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारलाच नाही. वाघ्या आयुष्यात कधी बांधला गेला का? गावातलं कुत्रं मनाचं राजा असतं, वावर, पाणंद, गोठा, शेजारच्या घरची शिळी पोळी. स्टुटगार्टमध्ये फ्लॅट, लिफ्ट, दोर, प्रत्येक वेळी पिशवीनं घाण उचलायची. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते. इथं रात्री भुंकणं ही त्याची नोकरी, तिथं शेजारी तक्रार करेल. घरमालकाची लेखी परवानगी आधी घ्या, कुत्र्याचा टॅक्स भरावा लागतो तो नगरपालिकेला, नाव नोंदवा. दोरासाठी गळ्याला पट्टा नको, छातीचा हार्नेस, आजपासून रोज दहा मिनिटं. आणि मातीवरच लघवी करणारं कुत्रं फरशीवर, पॅडवर करत नाही, रोखून धरतं. एका कुत्र्यानं फ्रँकफर्टला उतरून झाडाखाली जाईपर्यंत जवळजवळ वीस तास धरून ठेवलं होतं. कोणीतरी सुचवेल की वावरातली माती पिशवीत न्या, तसं करू नका, भारतातली माती युरोपात न्यायला बंदी आहे. मांस आणि दुधाचे पदार्थ पण चालत नाहीत, म्हणून चिकनचं खाणं बॅगेत भरू नका. तिकडं मिळणारं एक कोरडं खाणं ठरवा आणि इथंच महिना-दीड महिना आधीपासून भाकरीत मिसळून वाढवत न्या, नाहीतर तिथं पहिले आठ दिवस हगवण, तीही चौथ्या मजल्यावर.

मुंबईपर्यंत? रेल्वेत कुत्रं फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन घेतली तरच सोबत नेता येतं, आणि कूपे मिळाला की नाही ते चार्ट लागल्यावर कळतं. नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी, तिच्यात म्हातारं कुत्रं मी घालणार नाही. समृद्धीवरून गाडीनं जा. पूर्ण रस्ता जून २०२५ पासून सुरू आहे, तुमच्याकडून सहाशेच्या वर किलोमीटर होतील. संध्याकाळी निघा, दर दोन-अडीच तासांनी थांबा, पाणी-डिझेल जिथं दिसेल तिथं भरून घ्या कारण मधे बराच वेळ काही लागत नाही. मुंबईत दोन दिवस आधी पोचा. तिथं केंद्र सरकारच्या अॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसचं ऑफिस आहे, देशात अशी सहाच आहेत आणि नागपूरला नाही. आमच्यासारख्याचं फिटनेस सर्टिफिकेट घेऊन तिथं कुत्रं दाखवायचं, ते चिप वाचतात आणि युरोपच्या नमुन्यातलं हेल्थ सर्टिफिकेट देतात. ते सर्टिफिकेट युरोपात पोचायच्या १० दिवसांच्या आतलं पाहिजे. फ्लाइट थेट मुंबई-फ्रँकफर्ट, मधे बदलायची नाही, साधारण नऊ तास. २६ किलोचं कुत्रं केबिनमध्ये येत नाही, तिथं पिशवीसकट ८ किलोची मर्यादा असते बऱ्याच युरोपियन कंपन्यांत. फ्रँकफर्टहून स्टुटगार्ट दोनशेच किलोमीटर, गाडीनं जा. बुक करायच्या आधी सरकारी वेबसाइटवर नियम पुन्हा एकदा बघा, हे नियम बदलत असतात.

दुसऱ्या देशांचं ज्यांना हवंय त्यांच्यासाठी घाईत. इंग्लंडला पण टायटर आणि तीन महिने, वर १ ते ५ दिवस आधी पट्टकृमीची गोळी, आणि विमानानं कुत्रं फक्त कार्गोत. अमेरिकेनं ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले, भारत त्यांच्या हाय रिस्क यादीत आहे, टायटर नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन, आणि ठराविक विमानतळावरच उतरता येतं. कॅनडा घरच्या कुत्र्याला सगळ्यात सोपा. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट घेतच नाही, आधी दुसऱ्या मान्य देशात सहा महिने ठेवावं लागतं, म्हाताऱ्या कुत्र्यासाठी मी सरळ नाही म्हणतो.

आता जे तुम्ही विचारलं नाही पण मेसेजच्या मधे लिहिलंय. तुम्ही लिहिलंय की मागच्या वर्षी दहा दिवस पुण्याला होतात तेव्हा वाघ्या दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी आईच्या हातून भाकर खाल्ली. आणि रात्री तो बाबांच्या खाटेखाली झोपतो. तुम्ही हे दोन दिवस उपाशी राहिला म्हणून सांगितलंय. मला तिसरा दिवस जास्त महत्त्वाचा वाटला. मालक गेल्यावर दहा-दहा दिवस अन्नाला न शिवणारी कुत्री मी सलाइनवर ठेवलेली आहेत, आणि ज्याचं घरात दुसरं माणूस नाही अशा कुत्र्याला मी कोणत्याही वयात सोबत न्या म्हणतो. वाघ्याला दुसरं माणूस आहे. बाबा बोलत नाहीत म्हणजे त्यांचं मत नाही असं नाही भाऊ, त्यांना विचारा. आईसमोर नाही, वावरात विचारा.

म्हणून माझा सल्ला असा की निर्णय आत्ता घेऊच नका. चिप, लस, रक्त हे सगळं आत्ता करून ठेवा. त्यानं वाघ्याचं काही बिघडत नाही, आणि पुढं तो इथंच राहिला तरी एर्लिकिया नि किडनीची तपासणी वाया जात नाही. पिंजरा ओसरीवर ठेवा, बाबांना सवय करायला सांगा. तुम्ही एप्रिलमध्ये जा. मे महिन्यात तो कसा राहतो ते व्हिडिओवर बघा, कूलरसमोर धापा टाकतो का, जेवण किती, रात्री उगाच घरात येरझाऱ्या घालतो का, भिंतीकडं तोंड करून उभा राहतो का. वजन महिन्याला एकदा, किराणा दुकानाच्या काट्यावर चालतं. दसऱ्याला आलात की मला पुन्हा दाखवा, तेव्हा सगळे रिपोर्ट, बाबा आणि वाघ्या समोर असतील. तोपर्यंत वहिनींना एवढंच सांगा की कागद चालू आहेत, ते खोटं पण नाही.

सोमवारी या, सकाळी नऊच्या आत, नंतर माझी गावभेट असते. जुनं लसीचं कार्ड आणा, फाटलेलं असलं तरी. रात्रीपासून त्याला जेवण देऊ नका, पाणी द्या. लघवीची वाटी झाकून आणा आणि वाटीवर नाव लिहा, मागच्या महिन्यात एकाची मी चहाची समजून बाजूला ठेवली होती.